संशोधन पद्धती कार्यशाळा (सामाजिक शास्त्रे)

समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र यांसारख्या विषयांत पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी भरवले जाणारे अल्पमुदतीचे प्रशिक्षण. त्याची मुदत दोन-तीन दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत असते. अभ्यासक्रमातील संशोधन पद्धतीच्या पेपरातून पद्धतींची ओळख होते. कार्यशाळेत विद्यार्थी स्वतःचा संशोधन आराखडा, प्रश्नावली किंवा मुलाखती घेऊन येतो आणि जाणकारांच्या देखत त्यांची दुरुस्ती करतो. हेच तिचे खरे वैशिष्ट्य.

संगणकावर सर्वेक्षणांचे विश्लेषण शक्य झाले, तेव्हा ते करू शकणारे संशोधक फार थोडे होते. या गरजेतून अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील आयसीपीएसआर या संस्थेचे उन्हाळी वर्ग १९६३ मध्ये सुरू झाले. इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठाचा उन्हाळी वर्ग १९६८ पासून चालतो. भारतात १९६९ साली स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद अशा अभ्यासवर्गांना अर्थसाहाय्य देते. ते सामान्यतः दहा दिवसांचे असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांत पीएचडीसाठी किमान एका सत्राचा कोर्सवर्क सक्तीचा केला आणि त्यात संशोधन पद्धतीचा समावेश केला. त्यानंतर कार्यशाळांची मागणी वाढली.

विषयांची यादी बहुतेक ठिकाणी सारखीच : संशोधन प्रश्न, गृहीतक, नमुना निवड, प्रश्नावली, मुलाखत, सांख्यिकी, एसपीएसएस किंवा ‘आर’ यांसारखी सॉफ्टवेअर, संशोधनाची नैतिकता. दर्जा मात्र या यादीवरून कळत नाही. सॉफ्टवेअरमधली कोणती कळ दाबायची हे एका दुपारी शिकवता येते. ती का दाबायची, हे शिकवायला वेळ आणि उदाहरणे लागतात.

नमुन्याचा आकार घ्या. ‘सँपल किती घेतलं?’ या प्रश्नाला असंख्य प्रबंधांत ३८४ हे एकच उत्तर असते. क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यातून ते येते. विश्वासपातळी ९५ टक्के, त्रुटीची मर्यादा ५ टक्के आणि प्रमाण निम्मे धरले, की १.९६ (९५ टक्के विश्वासपातळीसाठीचा ठरलेला आकडा) च्या वर्गाला ०.२५ ने (०.५ गुणिले ०.५) गुणून ०.०५ च्या वर्गाने भागायचे; उत्तर ३८४.१६. हा हिशेब फळ्यावर मांडला, की त्यामागची अट दिसते : नमुना यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखा, हवा. ओळखीच्यांना गूगल फॉर्म पाठवून मिळवलेल्या ३८४ उत्तरांना हे गणित लागू होत नाही. शिवाय त्याच ३८४ जणांचे चार समान गट करून तुलना करायची असेल, तर प्रत्येक गटात ९६ जण उरतात आणि गटागटातील त्रुटी सुमारे १० टक्क्यांवर जाते. एवढे समजलेला विद्यार्थी तक्ता उतरवून न घेता आपल्या प्रश्नापासून मागे हिशेब करू लागतो.

गुणात्मक संशोधनात असाच बोध कोडिंगच्या, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना अर्थ सांगणारे शब्द जोडण्याच्या, सरावातून होतो. मुलाखतीचे एकच पान सर्वांना वाटले जाते. त्यात शिक्षणाविषयी एखादी स्त्री सांगते, ‘घरचे नाही म्हणाले नाहीत, पण कोणी विचारलंही नाही.’ एक जण समासात ‘पाठिंबा’ लिहितो, दुसरा ‘परवानगी’, तिसरा ‘दुर्लक्ष’. त्यावर होणारी चर्चा हा कार्यशाळेचा सर्वांत मोलाचा तास. वेगवेगळ्या कोडिंगमधील सहमती मोजण्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘कप्पा’ (kappa) हा गुणांक वापरतात; अर्थनिर्णयावर भर देणाऱ्या अनेक संशोधकांना मात्र हा मतभेदच अभ्यासण्याजोगा वाटतो. दोन्ही बाजू ऐकल्यावर ‘गुणात्मक म्हणजे आकडे नसलेले’ हा समज टिकत नाही.

प्रश्नावलीचा सरावही असाच उघडा हवा. ‘वर्गातील शिकवणे आणि ग्रंथालय यांबाबत तुम्ही समाधानी आहात का?’ या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. शेजारच्याला तोंडी विचारून पाहिले, की तो लगेच अडखळतो.

कार्यशाळा कधी करावी, याला फार महत्त्व आहे. संशोधनाचा प्रश्न ठरलेला आहे, पण माहिती गोळा करायला सुरुवात झालेली नाही, हा योग्य काळ. अनेक जण भरलेल्या शेकडो प्रश्नावल्या घेऊन येतात आणि ‘याला कोणती टेस्ट लावू?’ असे विचारतात. सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३८ मध्ये पहिल्या भारतीय सांख्यिकी परिषदेत, प्रयोग संपल्यावर सल्ला मागणे म्हणजे बहुधा शवविच्छेदन करायला सांगणे, अशा अर्थाचा इशारा दिला होता. तेव्हा चूक कुठे झाली एवढेच सांगता येते. पुन्हा गावोगाव फिरण्याइतका वेळ आणि पैसा विद्यार्थ्याकडे उरलेला नसतो, आणि ते नुकसान एकट्या त्याला सोसावे लागते.

मोठ्या सभागृहात शंभर जणांपुढे सलग व्याख्याने झाली, तर हाती फक्त प्रमाणपत्र येते. वीस-पंचवीस जणांची तुकडी, रोजचा सराव आणि शेवटच्या दिवशी प्रत्येकाने मांडलेला सुधारित आराखडा, अशी रचना अधिक उपयोगी ठरते. मार्गदर्शकालाही त्या मांडणीला बोलावणे चांगले. नाहीतर इथे बदललेला आराखडा विभागात परतल्यावर पुन्हा जुन्या वळणावर जातो.