ग्रामसभा (महाराष्ट्र)

ग्रामपंचायतीच्या मतदारयादीत नाव असलेल्या सर्व व्यक्तींची वैधानिक सभा. ग्रामपंचायत ही निवडून आलेल्या सदस्यांची, तर ग्रामसभा ही सर्व मतदारांची. व्यवहारात या दोन्हींची गल्लत नेहमी होते. राज्यघटनेतील अनुच्छेद २४३ मध्ये तिची व्याख्या आहे. अनुच्छेद २४३-क नुसार तिचे अधिकार राज्य विधिमंडळाने ठरवायचे आहेत. महाराष्ट्रात ते मुख्यतः १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने (मूळ नाव मुंबई ग्रामपंचायत अधिनियम) ठरतात.

उगम : ग्रामसभेचे मूळ प्राचीन ग्रामसंस्थेत शोधण्याची प्रथा जुनी आहे. तिच्या पुष्ट्यर्थ बहुधा उत्तरमेरूर येथील चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील (दहाव्या शतकाचा पूर्वार्ध) लेख दिला जातो. त्यात समित्या, सदस्यांची पात्रता आणि चिठ्ठ्या टाकून निवड यांचे तपशील आहेत. मात्र तो लेख तमिळ प्रदेशातील ब्राह्मणवस्तीच्या सभेचा आहे. त्यावरून दख्खनबद्दल अनुमान काढणे धोक्याचे ठरते. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत दानाची वार्ता ज्यांना कळवायची त्यांच्या नामावळीत राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट (अनुक्रमे प्रांत, जिल्हा व गाव यांचे अधिकारी) यांच्यामागून ‘महत्तर’ येतात. त्यावरून गावातील प्रतिष्ठितांचे एखादे मंडळ असावे, असे इतिहासकार अनंत सदाशिव अळतेकर यांनी मानले. परंतु दक्षिणेसारख्या नियमबद्ध समित्या पश्चिम भारतात होत्या, असे त्यांनाही दाखवता आले नाही. महत्तर कसे ठरत, किती असत, याबाबत ताम्रपट काहीच सांगत नाहीत.

मराठा काळासाठी पुरावा अधिक ठोस आहे. वतन, हद्द, मिरास (जमिनीचा वंशपरंपरागत हक्क) यांचे तंटे गोतसभेपुढे, म्हणजे गावातील हक्कदारांच्या सभेपुढे, येत आणि निवाड्याचा महजर (साक्षींसह लेखी निवाडपत्र) होई. त्यावर पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन, बलुतेदार यांची साक्ष पडे. पाटलाच्या नावाशी नांगराची निशाणी, इतरांच्या नावांशी आपापल्या धंद्याच्या अवजारांच्या. बलुतेदारही साक्षीला असत, एवढ्यावरून काही लेखकांनी गोतसभेला सर्व लोकांच्या सभेचे रूप दिले. ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीच्या १८१९ च्या अहवालात गावांना जणू लहान राज्येच ठरवले, आणि दुसरा ब्रिटिश अधिकारी मेटकाफ याच्या १८३० च्या टिपणातील ‘लहान प्रजासत्ताके’ तर पुढे घोषवाक्यासारखी वापरली गेली. (मेटकाफचा अनुभव दिल्लीकडचा होता, हे सहसा सांगितले जात नाही.) वस्तुतः गोतसभेत बसण्याचा हक्क वतनाने किंवा मिराशीने येई. उपऱ्याला तेथे समान स्थान नव्हते. स्त्रिया वतनाच्या दाव्यात पक्षकार म्हणून दिसतात, सभासद म्हणून क्वचितच. शिवाय गोतसभा तंटा आला की जमे. गावचा जमाखर्च लोकांपुढे ठेवणे हे तिचे काम नव्हते. त्यामुळे आजच्या ग्रामसभेचे तिच्याशी नाते वंशाचे नसून फार तर आठवणीचे आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

या मताला राजकीय पार्श्वभूमीही आहे. मुंबई इलाख्यात १९२० आणि १९३३ मध्ये ग्रामपंचायतींचे कायदे झाले. त्यांपैकी दुसऱ्याच्या विधेयकावर १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कडाडून टीका केली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेतही त्यांनी खेडे म्हणजे संकुचितपणाचे व अज्ञानाचे आगर असल्याचे सांगून ग्रामप्रजासत्ताकाचे गोडवे नाकारले. त्याच महिन्यात पंचायतींविषयीचा अनुच्छेद ४० (तेव्हा मसुद्यात ३१-क) मार्गदर्शक तत्त्वांत आला. म्हणजे दोन्ही प्रवाह एकाच घटनेत शेजारी बसले.

वैधानिक स्वरूप : पंचायत राजविषयीच्या १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीचा भर निवडून आलेल्या संस्थांवर होता. ग्रामसभेचा स्वतंत्र विचार पुढे रं. रा. दिवाकर यांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय अभ्यासगटाने (१९६३) केला. २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला घटनात्मक दर्जा आला. महाराष्ट्रात वर्षाला किती सभा घ्याव्यात, हा आकडा दुरुस्त्यांनी बदलत राहिला. अलीकडे किमान चार. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या तारखा प्रघाताने रूढ झाल्या. अध्यक्षस्थानी सरपंच, त्याच्या गैरहजेरीत उपसरपंच. कामकाजाची नोंद ग्रामसेवक (२०२४ पासूनचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) ठेवतो. गणपूर्ती (कोरम) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. कायद्यातील ही फट सर्वांना ठाऊक असल्याने मूळ सभेला कोरम न होणे पुष्कळ गावांत गृहीतच धरलेले असते.

सहभाग : वर्षाच्या पहिल्या सभेत मागील वर्षाचा हिशेब, प्रशासन अहवाल आणि लेखापरीक्षणातील टिप्पण्या ठेवाव्या लागतात, त्यांवर कोणीही मतदार प्रश्न विचारू शकतो. योजनांचे लाभार्थी ठरवणे, ‘आमचं गाव आमचा विकास’ अंतर्गत आराखड्याला मान्यता देणे, रोजगार हमीच्या कामांचे सामाजिक अंकेक्षण ही इतर कामे. विषयपत्रिकेवर विषय यावा म्हणून तो आधी लेखी देणे श्रेयस्कर. ‘ऐनवेळचे विषय’ चर्चेत राहतात, पण ठरावात उतरतातच असे नाही. नियमित सभेपूर्वी महिला सभा घेणे बंधनकारक आहे. दारूबंदीच्या बाबतीत महिला मतदारांना विशेष हक्क मिळाला : निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला (मतपत्रिकेवरील बंदीच्या बाजूच्या चिन्हाला) कौल दिल्यास गावातील परवानाधारक दुकान बंद करता येते.

अनुसूचित क्षेत्र : १९९६ च्या पेसा (आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या) कायद्याने आणि त्याखालील महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी पाडा किंवा वस्ती हीही स्वतंत्र गाव ठरू शकते. वनहक्क कायद्यात (२००६) व्याख्याच वेगळी : मतदारयादी नव्हे, तर गावातील सर्व प्रौढ व्यक्ती. त्याच्या नियमांनुसार गणपूर्ती निम्म्या सदस्यांची, आणि उपस्थितांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. एकाच गावात दोन कायद्यांच्या दोन ग्रामसभा असा हा पेच आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने मात्र यांपैकी कोणत्याही कायद्याची वाट पाहिली नाही. लेखा ग्रामपंचायतीचा केवळ एक भाग असताना, १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून येथील सभा स्त्री-पुरुषांच्या सर्वसहमतीने निर्णय घेत आली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिची घोषणा. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला; एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार ग्रामसभेकडे आले. गोंड परंपरेचे सातत्य म्हणून या गावाकडे पाहणारे आहेत. तथापि, स्त्रियांचा समावेश आणि अभ्यासगट यांसारखी अंगे जाणीवपूर्वक घडवलेली दिसतात.

इतरत्र : अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून पिके ठरवतात. गोव्यात १९९४ च्या पंचायत राज अधिनियमानुसार ग्रामसभा भरते. तेथील गावकारी ही जमीनधारकांची वेगळी आणि जुनी संस्था आहे. शहरांसाठी महाराष्ट्राने २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद केली, परंतु तिची अंमलबजावणी नाममात्रच राहिली.