परदेशी पाठवायचे दाखले: बडोद्याहून अपोस्टिल कसं करून घ्याल

मुलीला नेदरलँड्सच्या विद्यापीठात प्रवेश मिळतो, जावयाला मस्कतला नोकरी लागते, आणि तिकडून निरोप येतो: जन्मदाखला आणि पदवी अपोस्टिल करून पाठवा, म्हणजे हे कागद परदेशात खरे मानले जावेत यासाठीचं सरकारी प्रमाणपत्र त्यांवर लावून पाठवा. मग दांडिया बाजारातल्या झेरॉक्सवाल्यापासून सोसायटीतल्या काकांपर्यंत जो तो वेगळा रस्ता सांगतो. यातला निम्मा गोंधळ एक गोष्ट लक्षात ठेवली की मिटतो. दाखला ज्या राज्यात निघाला, तिथूनच त्याचं काम सुरू होतं. आपण राहतो कुठे, याचा त्याच्याशी संबंध नाही.

बडोद्याच्या मराठी घरांना हे जरा जास्तच भोवतं, कारण आपली कागदपत्रं तीन राज्यांत विखुरलेली असतात. जन्म आजोळी इंदूरला, शिक्षण सयाजीराव विद्यापीठात, लग्नाची नोंदणी पुण्यात. म्हणजे जन्मदाखल्यावर शिक्का मध्य प्रदेश सरकारचा, भोपाळहून. पदवीवर गुजरातचा, गांधीनगरहून. विवाह प्रमाणपत्रावर महाराष्ट्राचा, मुंबईहून. तिन्ही कागद एका पाकिटात घालून गांधीनगरला नेले तर दोन परत येणार.

अपोस्टिलचा उगम ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारात आहे. त्याआधी परदेशात चालावा म्हणून एका कागदावर नोटरी, राज्य, परराष्ट्र मंत्रालय, त्या देशाचा दूतावास अशी शिक्क्यांची रांगच लागायची. करारात असलेल्या देशांनी ठरवलं, की मूळ देशाच्या अधिकृत खात्याचं एक प्रमाणपत्र पुरे, दूतावासात जायला नको. भारतासाठी हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. आपल्याकडे आधी राज्याचा शिक्का बसतो, मग हे प्रमाणपत्र परराष्ट्र मंत्रालय देतं. दाखल्याच्या मागे चौकोनी स्टिकर लागतो. त्यावर दहा मुद्दे क्रमाने असतात: देश, सही कोणाची, कोणत्या हुद्द्याने, शिक्का कोणाचा, ठिकाण, तारीख, नोंदणी क्रमांक वगैरे.

त्या स्टिकरचा अर्थ एवढाच, की सही आणि शिक्का खरा आहे. आतल्या मजकुराची हमी त्यात नसते. इथेच आपल्या घरांची खरी अडचण निघते. जुन्या गुजराती नोंदीत कारकुनाने सवयीने वडिलांचं नाव ‘दत्तात्रयभाई’ आणि आईचं ‘सुधाबेन’ लिहिलेलं असतं, पासपोर्टवर मात्र नुसतं दत्तात्रय आणि सुधा. आडनाव गायकवाड असेल तर इंग्रजी स्पेलिंगच्या दोन तरी तऱ्हा घरात सापडतात. अपोस्टिल झालं म्हणून हा फरक पुसला जात नाही, तिकडचा अधिकारी बोट ठेवतोच. म्हणून आधी पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा, आणि महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात दुरुस्ती करून इंग्रजीसह नवा दाखला काढा. शिक्के बसल्यावर दुरुस्ती करायची म्हणजे सगळं पहिल्यापासून.

अर्ज कोण करू शकतो? ज्याचा सार्वजनिक दस्तऐवज भारतात निघाला आहे, तो कोणीही. जन्म, मृत्यू, विवाहाचे दाखले, गुणपत्रिका, पदवी, नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र किंवा मुखत्यारपत्र, सगळं चालतं. दूतावासाने दिलेले कागद या करारात बसत नाहीत. कंपनीच्या कागदांना आधी चेंबर ऑफ कॉमर्सचा शिक्का लागतो.

सोबत मूळ प्रत, तिची झेरॉक्स आणि पासपोर्टची प्रत ठेवा. आणि हौसेने लॅमिनेट केलेली पदवी? तिच्यावर शिक्का बसत नाही. प्लास्टिक सोलताना कागद फाटण्यापेक्षा विद्यापीठाकडून दुसरी प्रत मागवणं बरं. दाखला फक्त गुजरातीत असेल तर भाषांतरही लागेल. ते कोणाचं चालेल, हे ज्यांना कागद हवा आहे त्यांनाच विचारा.

राज्याचा शिक्का झाला की पुढचा टप्पा सोपा. परराष्ट्र मंत्रालय जुलै २०१२ पासून कागद थेट नागरिकाकडून घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फत घेतं. आता त्यासाठी दिल्ली गाठायला नको, अहमदाबादच्या विभागीय पासपोर्ट कार्यालयातही अपोस्टिल होतं. सरकारी फी दर दस्तऐवजाला ५० रुपये, एजन्सीचा आकार वेगळा. त्यामुळे कोणी एका दाखल्याचे हजारो रुपये सांगितले, तर त्यातले सरकारचे किती हे बिनदिक्कत विचारा. काही जण राज्याचा शिक्का टाळून दिल्लीच्या एसडीएमचा (उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा) जवळचा रस्ता सुचवतात. शैक्षणिक कागदांना काही देश राज्याच्या शिक्षण खात्याचाच शिक्का मागतात, तेव्हा पलीकडून लेखी होकार आल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

आता देशांचं. ओमान, बहरीन, सौदी अरेबिया करारात आहेत. कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून आला, त्यामुळे त्याआधी गेलेल्या नातेवाइकांचा अनुभव तिथे लागू होत नाही. दुबईसाठी मात्र अपोस्टिलचा उपयोग नाही. संयुक्त अरब अमिराती करारात नाही, कुवेत आणि कतारही नाहीत. तिथे परराष्ट्र मंत्रालयाचं साधं अटेस्टेशन (साक्षांकन) आणि वर त्या दूतावासाचा शिक्का, हा जुनाच मार्ग. जर्मनीची गोष्ट निराळी: ती करारात आहे, पण भारताच्या सहभागाला तिने हरकत घेतली, म्हणून या दोन देशांत करार लागू नाही. त्यामुळे तिकडे जाणाऱ्याने स्टिकर लावण्याआधी जर्मन दूतावासाच्या सूचना वाचाव्यात.

अपोस्टिलला स्वतःची मुदत नसते. तरीही ‘दाखला सहा महिन्यांच्या आत काढलेला हवा’ अशी अट पलीकडची कचेरी घालू शकते, म्हणून फार आधी करून ठेवण्यात अर्थ नाही.

उलट दिशेनेही हाच नियम. नातवंड अमेरिकेत जन्मलं आणि त्याचा दाखला बडोद्यात दाखवायचा असेल, तर अपोस्टिल तिथल्या संबंधित राज्याचं हवं. ते इथून करून मिळत नाही, मूळ कागद तिकडेच द्यावा लागतो. तेव्हा सुट्टीवर येणाऱ्या मुलाला विमानात बसण्याआधीच ते करून आणायला सांगा.