घोड्याचा रंग आणि घोड्याचा वेग

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर शर्यतीआधी पॅडॉकमध्ये घोडे फिरवतात, तेव्हा कठड्याशी उभ्या असलेल्या पुष्कळांची नजर आधी रंगावर जाते. कुणी ग्रे, म्हणजे करडा घोडा दिसला की त्याचंच तिकीट काढतो. कुणाच्या मते तांबूस चेस्टनट तापट, म्हणून तो त्याच्या वाटेला जात नाही. ही सवय आपल्याकडे रेसकोर्सपेक्षा कितीतरी जुनी आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी घोडा आजही शुभ मानला जातो आणि त्याला भावही चढा मिळतो. पण घोडा पळणार किती, हे रंगावरून कळतं का? जनुकशास्त्राकडे याचं बरंच स्पष्ट उत्तर आहे, आणि ते समजून घ्यायला एका घोडीचं खानदान पाहावं, असं मला वाटतं.

आधी रंग कसा ठरतो ते पाहू. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांत मूळ रंग मुख्यतः दोन जनुकं ठरवतात. एमसी1आर हे जनुक नीट चाललं तर काळं रंगद्रव्य बनतं. त्याच्या आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तर बनत नाही, आणि घोडा अंगभर तांबूस, म्हणजे चेस्टनट होतो. माणसांतले लाल केसही याच जनुकातल्या बदलांमुळे येतात. काळं रंगद्रव्य बनलंच, तर ते सर्वांगावर पसरू द्यायचं की आयाळ, शेपूट आणि पायांपुरतं ठेवायचं, हे एएसआयपी नावाचं दुसरं जनुक ठरवतं. ते तेवढ्यापुरतं राहिलं की घोडा बे, म्हणजे तपकिरी अंगाचा.

ग्रेची गोष्ट वेगळी. ग्रे शिंगरू जन्मतं तेव्हा बे, चेस्टनट किंवा काळंच असतं. मग डोळ्यांभोवती पांढरे केस डोकावू लागतात. शर्यतीच्या वयात घोडा पोलादी करडा असतो, अंगावर फिकट गोल ठिपके उमटलेले असतात, आणि म्हातारपणी तो जवळजवळ पांढराशुभ्र होतो. उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये याचं कारण शोधलं. अशा घोड्यांच्या एसटीएक्स17 या जनुकात डीएनएचा सुमारे 4,600 अक्षरांचा एक तुकडा दोनदा आलेला असतो. त्याची एक प्रत मिळाली तरी घोडा ग्रे होतो. म्हणूनच ग्रे शिंगराच्या आईबापांपैकी एक तरी ग्रे असावाच लागतो, आणि एका पिढीत तो तुकडा निसटला की पुढे त्या शाखेत आपणहून परत येत नाही. या तुकड्याची किंमतही मोजावी लागते: पंधरा वर्षांवरच्या बहुतेक ग्रे घोड्यांना त्वचेवर मेलॅनोमाच्या गाठी होतात. तोवर घोड्याची शर्यतीची कारकीर्द केव्हाच संपलेली असते.

आता ती घोडी. 1922 साली पुण्यातल्या आगाखान पॅलेसशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या तिसऱ्या आगाखानांनी इंग्लंडमध्ये 9,100 गिनी मोजून एक ग्रे घोडी विकत घेतली: मुमताज महल. तिचा बाप द टेट्रार्क हाही ग्रे, अंगावर पांढऱ्या डागांचा, सातही शर्यती जिंकून अपराजित राहिलेला. आई मात्र चेस्टनट. म्हणजे मुमताज महलकडे ग्रेची एकच प्रत होती, आणि तिच्या प्रत्येक शिंगराला ती मिळण्याची शक्यता निम्मी.

तिची एक लेक माह महल हिला ती प्रत मिळाली. तिचा मुलगा महमूद ग्रे निघाला आणि 1936 ची एप्सम डर्बी, ही इंग्लंडमधली नामांकित शर्यत, त्याने 2 मिनिटं 33.8 सेकंदांत जिंकली. तो विक्रम 1995 पर्यंत टिकला. इथवर पाहिलं तर कुणीही म्हणेल, ग्रे रंगातच वेग आहे.

पण दुसरी लेक मुमताज बेगम हिच्याकडे ती प्रत आलीच नाही. ती बे. तिचा मुलगा नसरुल्ला बे, आणि इंग्लंड-अमेरिका दोन्हीकडे वळू म्हणून अव्वल. नसरुल्लाचा मुलगा बोल्ड रूलर गडद बे. आणि बोल्ड रूलरचा मुलगा? सेक्रेटेरिएट. 1973 ची अमेरिकेतली बेलमाँट स्टेक्स 31 लेंग्थने, म्हणजे घोड्याच्या 31 लांब्यांनी जिंकणारा, दीड मैल 2 मिनिटं 24 सेकंदांत कापणारा, लखलखीत चेस्टनट! त्याची आईही बे होती. आईबाप दोघांकडेही एमसी1आरची एकेक बिघडलेली प्रत लपलेली होती आणि त्याच्यात दोन्ही एकत्र आल्या. ग्रे रंग मागेच सुटला होता. घराण्यातला वेग मात्र पुढे चालूच राहिला. मला घोड्यांच्या वंशावळीत याहून देखणं उदाहरण माहीत नाही.

हे असं का होतं, तेही आता कळतं. घोड्याला गुणसूत्रांच्या 32 जोड्या असतात. एमसी1आर तिसऱ्यावर, एएसआयपी बाविसाव्यावर, एसटीएक्स17 पंचविसाव्यावर. वेगाशी नातं सिद्ध झालेलं सर्वांत ठळक जनुक म्हणजे स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारं मायोस्टॅटिन, आणि ते आहे अठराव्यावर. 2010 मध्ये डब्लिनच्या एमेलीन हिल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्यातल्या एका ठिकाणी दोन्ही प्रतींत ‘सी’ अक्षर असेल तर घोडा कमी पल्ल्याच्या शर्यतीत चमकतो, दोन्हीत ‘टी’ असेल तर लांब पल्ल्याच्या. वेगवेगळी गुणसूत्रं दर पिढीत पत्त्यांसारखी पिसली जातात. रंगाचं पान कुणाच्या हाती आलं, यावरून मायोस्टॅटिनचं पान कुठे गेलं ते कळत नाही. आणि पॅडॉकच्या कठड्यावरून मायोस्टॅटिन दिसतही नाही.

‘ग्रे जिंकत नाहीत’ म्हणणारे एप्सम डर्बीचा दाखला देतात. 1780 पासून तिथे फक्त चार ग्रे जिंकले: 1821, 1912, 1936 आणि 1946 मध्ये. पण थरोब्रेडांत ग्रे मुळातच थोडे, म्हणून धावलेही थोडेच. किती धावले हे न विचारता किती जिंकले एवढंच मोजलं की कुठलाही रंग पनवती ठरवता येतो. न्यूमार्केटला फक्त ग्रे घोड्यांसाठी एक शर्यत होते. तिथे ग्रेच जिंकतो.

पैशाच्या बाजूने पाहिलं तर रंगाचा भरवसा आणखी महाग पडतो. रेसकोर्सवरच्या सामाईक पैजेत, म्हणजे टोटवर, सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमतात, कमिशन आणि कर वजा होतात, उरलेले जिंकलेल्या तिकिटांवर वाटले जातात. समजा वाटायला 80,000 रुपये उरले आणि जिंकलेल्या ग्रेवर 8,000 रुपयांची तिकिटं होती, तर रुपयाला 10 मिळतील. आता निव्वळ रंगावर भाळून आणखी 8,000 रुपये इतर घोड्यांवरून त्याच्याकडे वळले, तर त्याच विजयाचे रुपयाला 5 मिळतील. घोडा तोच आणि त्याचा वेगही तोच, पण ज्याने त्याचा फॉर्म, वजन आणि पल्ला तासभर बसून अभ्यासला होता, त्याच्याही हातात निम्मेच पैसे पडतील.