पैठणीच्या पदरावर उमटलेल्या लाटा

मावशीची जुनी पैठणी अंगणातल्या दोरीवर पसरली, फोटो काढला आणि संगणकावर मोठा करून पाहिला, तर पदराच्या जरीवर हिरव्या-जांभळ्या लाटा. डोळ्यांना पदर होता तसाच सोनेरी दिसत होता. दोन पावलं पुढे सरकून पुन्हा फोटो घेतला आणि लाटा गेल्या.

कॅमेरा होता निकॉन डी८५०, दोन दिवसांसाठी भाड्याने आणलेला. २०१७ साली आलेला हा फुल-फ्रेम डीएसएलआर, म्हणजे लेन्सच्या मागे आरसा असलेला कॅमेरा. प्रकाश टिपणारा सेन्सर जवळजवळ ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या एका चौकटीएवढा, आणि त्यावर आडवे ८,२५६ व उभे ५,५०४ पिक्सेल. गुणाकार केला की ४५ मेगापिक्सेल भरतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याहून हे दुप्पट वाटतं खरं, पण इंचाला ३०० ठिपके धरून छापलं तर फोटोची रुंदी २० इंचांवरून साडेसत्तावीस इंचांवर जाते, एवढंच. असला कॅमेरा दुकानात हातात धरून दोन फोटो काढले तर काहीही कळत नाही. त्याला अवघड प्रश्न विचारावे लागतात, आणि मराठवाड्यात ते हाताशी आहेत.

पैठणी हा पहिला प्रश्न. सेन्सर म्हणजे बारीक चौकोनांची जाळी, आणि कापडही जाळीच. एक उजळ धागा आणि त्याच्या शेजारची काळी फट ही जोडी टिपायला किमान दोन पिक्सेल लागतात. वीण त्याहून बारीक पडली, की सेन्सर मुळात नसलेलीच रुंद नक्षी नोंदवतो. मच्छरदाणीचे दोन थर एकमेकांवर आले की दिसतात, त्याच या लाटा. रंग येतो तो पिक्सेलमुळे. प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा असा एकच रंग मोजतो. लाल आणि निळे पिक्सेल विरळ असल्याने ते आधी फसतात. धागे पाव मिलिमीटर अंतरावर असतील आणि लेन्स ८५ मिलिमीटरची असेल, तर साधारण अडीच मीटरवर ही मर्यादा येते. लग्नात नवरीचा फोटो काढणारा फोटोग्राफर जवळपास तेवढ्याच अंतरावर उभा असतो! बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे प्रतिमा किंचित पसरवणारी काच असते, तिच्यामुळे लाटा कमी होतात. डी८५० मध्ये ती नाही. बारीक तपशील मिळतो तो त्यामुळेच, आणि लाटांचा धोकाही त्यामुळेच. रोज लग्नं टिपणाऱ्याने पैसे मोजण्याआधी ही पैठणीची परीक्षा घ्यावीच.

दुसऱ्या दिवशी वेरूळ. तिथला काळा बेसॉल्ट खडबडीत आहे, त्यात कुठेही ठरावीक वीण नाही, म्हणून लाटांचा प्रश्नच येत नाही. दगड परीक्षा घेतो ती लेन्सची आणि हाताची. ५० मिलिमीटरच्या लेन्समधून १०० मीटरवरची भिंत पाहिली, तर एका पिक्सेलवर भिंतीचा जेमतेम ९ मिलिमीटर भाग येतो. श्वासाबरोबर हात हलला तरी तेवढं सरकतं. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात काढलेले माझे सकाळचे सगळे फोटो छोट्या पडद्यावर छान दिसले, मोठे केल्यावर धूसर निघाले. शटर स्पीड सेकंदाच्या २५० व्या भागावर नेल्यावर दगडाचा पोत उमटला. ट्रायपॉड लावला तरी डीएसएलआरचा आरसा उडताना धक्का देतोच. म्हणून आरसा आधी वर करून मग फोटो घ्यायचा.

सगळं स्पष्ट दिसावं म्हणून लेन्सचं छिद्र एफ/१६ पर्यंत (एफचा आकडा मोठा, तेवढं छिद्र लहान) बारीक करण्याची सवय इथे नडते. प्रकाश छिद्राच्या कडांवर पसरतो आणि एका बिंदूचा २१ मायक्रोमीटरचा ठिपका होतो. पिक्सेल ४.३५ मायक्रोमीटरचा, म्हणजे एक बिंदू पाच पिक्सेल रुंद. एफ/५.६ ला तोच ठिपका साडेसात मायक्रोमीटर. लेन्सच साधी असेल तर बोलायलाच नको, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? उन्हाळ्यात तर चांगली लेन्सही हरते: तापलेल्या कातळावरची हवा थरथरते आणि लांबचं शिल्प पाण्याखाली असल्यासारखं दिसतं.

मला या कॅमेऱ्यात सगळ्यात मोलाची वाटली ती सावली. कैलास लेण्याच्या अंगणात आकाश लख्ख असतं, कडेच्या ओवऱ्या अंधाऱ्या. पिक्सेलवर १०,००० प्रकाशकण पडले तर त्यात शंभराचा चढउतार असतो, म्हणजे १ टक्का. शंभरच पडले तर दहाचा, म्हणजे १० टक्के. सावलीत फोटोवर दिसणारे दाणेदार रवे ते हेच. डी८५० चा मूळ आयएसओ, म्हणजे प्रकाशाला असलेल्या संवेदनशीलतेचा आकडा, ६४ आहे, तिथे प्रत्येक पिक्सेल जास्त प्रकाश साठवू शकतो. मात्र दोन कॅमेऱ्यांची तुलना करताना दोन्ही फोटो एकाच आकाराला आणून पाहावेत. ४५ मेगापिक्सेलचा फोटो पूर्ण मोठा करून २४ च्या शेजारी ठेवला, तर तो उगाचच रवाळ वाटतो आणि चांगल्या कॅमेऱ्यावर अन्याय होतो.

मी आकाशाचा उजेड जपून फोटो घेतला. त्यात ओवरी जवळजवळ काळी आली होती. घरी येऊन रॉ फाईलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ नोंदीत, ती सावली उजळली, तर भिंतीवरचे छिन्नीचे घाव एकेक करून वर आले, तिरपे, एकाच हाताच्या लयीत घातलेले.