दूरसंचार मनोरा : ठाणे व नवी मुंबईतील निवड आणि उभारणी

मोबाइलचे अँटेना आणि मायक्रोवेव्ह डिश (एका मनोऱ्याहून दुसऱ्याकडे संदेश नेणारी तबकडी) उंचावर घट्ट धरून ठेवणारा पोलादी सांगाडा म्हणजे दूरसंचार मनोरा. बोलताना सगळे ‘टॉवर’च म्हणतात. चार पायांचा जाळीदार मनोरा, एकाच निमुळत्या नळीचा मोनोपोल आणि ताणतारांनी सावरलेला मास्ट हे त्याचे मुख्य प्रकार. मोनोपोलला जागा सर्वांत कमी लागते, म्हणून रस्त्याकडेला तोच दिसतो.

उंचीपेक्षा पायाचा, म्हणजे जमिनीतल्या आधाराचा, विचार आधी करावा लागतो. वाऱ्याच्या झोतात मनोऱ्याचे एका बाजूचे पाय दबतात आणि समोरचे उपटू पाहतात. मुंबई परिसरासाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर धरतात. या वेगाला दर चौरस मीटरवर साधारण 118 किलो वजनाइतका दाब येतो. भरीव डिश हा दाब पुरता अंगावर घेते, म्हणून एक डिश वाढवायची तरी गणित नव्याने मांडावे लागते. नवी मुंबईत खाडीलगतच्या मऊ चिखलात हा उपटणारा जोर पेलायला खोल पाइल (जमिनीत उतरवलेले खांब) घ्यावे लागतात. पारसिकच्या डोंगराकडे कातळ लवकर लागतो, तिथे खडकात गज रोवून काम भागते.

गच्चीवरच्या टॉवरचा भार इमारतीच्या कॉलमांवरच उतरला पाहिजे, स्लॅबवर कधीही नाही. त्यासाठी कॉलमांच्या डोक्यावर काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांवर लोखंडी तुळया टाकतात. ठाण्यातल्या नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीत हे फार महत्त्वाचे आहे. 30 वर्षांवरील इमारतींना संरचनात्मक तपासणी कायद्यानेच सक्तीची आहे. सोसायटीने टॉवरच्या भाड्याच्या आकड्याआधी त्या तपासणीचा अहवाल वाचावा.

टॉवरमधून निघणाऱ्या लहरींची (रेडिएशनची) भीती सोसायटीच्या सभेत हमखास निघते. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून या लहरींसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. अँटेनाचा मुख्य झोत आडवा, किंचित खाली झुकलेला असतो. त्यामुळे थेट खालच्या घरापेक्षा समोरच्या, त्याच उंचीच्या खिडकीचा विचार आधी करावा.

दोन मायक्रोवेव्ह डिशना एकमेकींचे तोंड दिसावे लागते, आणि त्यांच्यामधल्या रेषेभोवतीही थोडी जागा मोकळी लागते. घोडबंदर रस्त्यासारख्या वाढत्या भागात आज मोकळी असलेली रेषा उद्याची इमारत अडवू शकते. नवी मुंबई विमानतळाच्या परिसरात उंचीला विमानतळ प्राधिकरणाचे निर्बंध आहेत.

उभारताना रिगर (उंचावर जोडणी करणारे कामगार) दोर-कप्पीने एकेक टप्पा वर चढवतात. जोराचा वारा किंवा विजा असतील तर काम थांबलेच पाहिजे. खाडीच्या खाऱ्या हवेत जस्ताचा मुलामा झिजतो. पाय काँक्रीटमध्ये शिरतो तिथे पाणी साचून गंज सर्वांत आधी धरतो, म्हणून त्या सांध्यावर उतरती काँक्रीटची टोपी करतात. पावसाळ्याआधी ही टोपी, सैल बोल्ट, ताणतारा आणि अर्थिंग तपासतात. टोपीला चीर दिसली की ती फोडून आतले लोखंड पाहावे. वरून रंग फासून चालत नाही.