1991 साली सुधारणा ‘पूर्ण’ झाल्या का?

वडोदऱ्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी मंडळींच्या गप्पांत एक समज वर्षानुवर्षे ऐकू येतो : 1991 च्या जुलैमधील अर्थसंकल्पाने परवाना राज (उद्योगांसाठी सरकारी परवान्याची सक्ती) संपवले, आणि तेव्हापासून आर्थिक सुधारणा आपोआप पुढे चालल्या आहेत. हा समज खरा नाही. त्या अर्थसंकल्पातील खतांची 40 टक्के दरवाढसुद्धा संसदेतील विरोधामुळे काही आठवड्यांत 30 टक्क्यांवर आणावी लागली होती.

शहरालगतच्या कोयलीच्या रिफायनरीमुळे आपल्याला जवळचा वाटणारा इंधनदरांचा विषय याहून बोलका आहे. सरकारने दर ठरवण्याची पद्धत एप्रिल 2002 मध्ये कागदोपत्री रद्द झाली. परंतु कच्चे तेल महागू लागताच सरकारचा हात पुन्हा दरांवर आला आणि तेल कंपन्यांचा तोटा तेलरोखे (रोख भरपाईऐवजी कंपन्यांना दिलेले सरकारी कर्जरोखे) काढून पुढच्या वर्षांच्या माथी मारण्यात आला. पेट्रोल जून 2010 मध्ये, तर डिझेल ऑक्टोबर 2014 मध्ये, म्हणजे कच्चे तेल उतरणीला लागल्यावर, सरकारी दरनियंत्रणातून मुक्त झाले. (सोयीची वेळ साधली, हे मान्य करावेच लागेल.) जून 2017 पासून दर रोज बदलू लागले, तरीही एप्रिल 2022 नंतर कंपन्यांनी ते दीर्घकाळ जवळजवळ गोठवून ठेवले.

सुधारणा अशा अडखळण्याचे कारण सरळ आहे : दरवाढीची झळ प्रत्येक घराला त्याच दिवशी लागते, तिचा लाभ मात्र सरकारी तुटीच्या आकड्यांत दडून राहतो, आणि मतदान त्या आकड्यांकडे पाहून होत नाही.