क्लोराइड कुठे धावतो? कोवळ्या मेंदूतला गाबा

गाबाची ओळख सहसा एका ओळीत उरकली जाते: चेतापेशींना शांत करणारा मेंदूतला प्रमुख रेणू. प्रौढ मेंदूपुरतं ते बरोबर आहे. पण चार-पाच दिवसांच्या उंदराच्या हिप्पोकॅम्पसचा (स्मरणशक्तीशी निगडित मेंदूच्या भागाचा) काप घेऊन त्यावर गाबा सोडला, तर बऱ्याच पेशी गप्प बसण्याऐवजी संदेश पाठवू लागतात. रेणू तोच, काम करण्याची रीतही तीच. फरक असतो तो पेशीच्या आत साठलेल्या क्लोराइडचा.

गाबा-ए ग्राही हे पेशीपटलातलं एक दार. गाबा चिकटला की ते उघडतं आणि त्यातून मुख्यतः क्लोराइड जातो. आत जायचं की बाहेर, हे मात्र दार ठरवत नाही. बाहेरच्या द्रवात क्लोराइड १३० मिलिमोल प्रतिलिटर धरा. प्रौढ पेशीत तो ६ असेल, तर ३७ अंश सेल्सिअसला नेर्न्स्टच्या समीकरणानुसार त्याचा समतोल (ज्या विद्युतदाबाला त्याची आत-बाहेर ये-जा सारखी होते तो) उणे ८२ मिलिव्होल्टच्या आसपास येतो. पेशी उणे ७० वर विसावलेली असते, म्हणून ऋणभारित क्लोराइड आत शिरतो आणि पेशी आणखी ऋण होते. आता आतला आकडा २५ करून बघा. समतोल उणे ४४ वर येतो, क्लोराइड बाहेर धावतो आणि पेशी संदेश सुटण्याच्या उंबरठ्याकडे ढकलली जाते. (त्याच दारातून थोडं बायकार्बोनेटही जातं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा अजून जरा वर सरकतो.)

हा साठा दोन वाहक प्रथिनांवर अवलंबून असतो. एनकेसीसी१ एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड आत ओढतं. केसीसी२ पोटॅशियमबरोबर क्लोराइड बाहेर टाकतं. कोवळ्या पेशीत पहिलं जोरात असतं, दुसरं जवळपास नसतंच. उंदरात जन्मानंतरच्या पहिल्या दोनेक आठवड्यांत हे पारडं फिरतं. तोवर गाबामुळे पेशीत कॅल्शियम शिरतं आणि जोडण्या घडायला त्याची मदत होते.

पण विद्युतदाब वर गेला म्हणजे पेशी पेटलीच, असं नाही. उघडी दारं पटलाचा रोध कमी करतात, त्यामुळे त्याच वेळी आलेला दुसरा उत्तेजक संकेत विरून जातो. जिवंत नवजात उंदरांच्या मेंदूच्या बाह्यकात गाबाचा परिणाम बराचसा रोखणाराच दिसला. कापांवरून थेट जिवंत मेंदूबद्दल बोलणं म्हणूनच धोक्याचं.

मोजमापातही हमखास फसगत होते. नेहमीच्या पॅच-क्लॅम्पमध्ये, म्हणजे बारीक काचनळी पेशीला चिकटवून तिचे विद्युत-संकेत मोजण्याच्या पद्धतीत, पटल फोडून काचनळीतला द्रव पेशीत उतरवतात. त्यात १४० मिलिमोल पोटॅशियम क्लोराइड असेल, तर काही मिनिटांत पेशीचा स्वतःचा क्लोराइड पुसला जातो आणि मोजला जातो तो आपणच भरलेला. म्हणून पटल न फोडता त्यात बारीक छिद्रं पाडणारं ग्रॅमिसिडिन वापरतात. त्याची छिद्रं सोडियम-पोटॅशियमसारखे एकेरी धनभाराचे आयन जाऊ देतात, क्लोराइड अडवतात. नळीच्या टोकाला आधी ग्रॅमिसिडिनविरहित द्रव भरावा, नाहीतर पटलाशी घट्ट सील बसत नाही. मग प्रवेशरोध (नळी आणि पेशीचा आतला भाग यांच्यातला विद्युतरोध) उतरेपर्यंत थांबावं लागतं, बहुतेकदा अर्धा तास तरी. नळीत मुद्दाम क्लोराइड जास्त ठेवला, तर पटल चुकून फाटल्यावर गाबाचा समतोल एकदम शून्याकडे उडी मारतो आणि फाटल्याचं लगेच कळतं. काप करताना जखमी झालेल्या पृष्ठभागावरच्या पेशीही क्लोराइड साठवतात, त्यामुळे थोडं खोल उतरणं बरं.

नवजात बाळांच्या झटक्यांवर दिलं जाणारं फेनोबार्बिटल गाबा-ए ग्राहीचाच जोर वाढवतं, आणि बऱ्याच बाळांत ते पुरेसं पडत नाही. जोडीला एनकेसीसी१ रोखणारं ब्युमेटानाइड द्यावं, ही कल्पना कागदावर सरळ होती. युरोपातली एक चाचणी मात्र १४ बाळांनंतर थांबवावी लागली: झटक्यांवर पुरेसा परिणाम नाही, आणि जगलेल्या ११ पैकी ३ बाळांना कमी ऐकू येऊ लागलं. हे औषध रक्तातून मेंदूत जेमतेमच पोहोचतं. आतल्या कानातला पोटॅशियमयुक्त द्रव मात्र एनकेसीसी१ च्याच जोरावर तयार होत असतो.